खोक्यातला भात

(मंडळाच्या वर्धापनदिनी सभासद भगिनींपुढे केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी आपण बाहेरच्या कोणी शिकल्यासवरल्या बाईंना भाषणाला बोलावतो. यंदा सेक्रेटरीबाईंनी मलाच उभे केले. मी म्हटले, अहो, माझी शाळा सातवीत सुटली, मी काय बोलणार? त्या म्हणाल्या, "तुम्ही सहा महिने अमेरिकेत स्वयंपाक करून आलात ना, तेच सांगा." तेव्हा विमानाचे आणि उंच इमारतींचे मी काही सांगत नाही. ते आता घरोघर ऐकून झाले आहे. मी सांगणार आहे ते एका पुठ्ठ्याच्या खोक्याविषयी.

२०२३ च्या जूनमध्ये आमच्या वन्संच्या बाळंतपणासाठी मी गेले. सासूबाईंचे गुडघे धरलेले, त्यांना एवढा प्रवास झेपणार नव्हता, म्हणून माझी पाठवणी झाली. वन्सं राहतात ते गाव लुइझियाना राज्यात, लाफायेत नावाचे. अमेरिका म्हणजे थंडी असे मनात धरून मी दोन स्वेटर नेले होते. विमानतळाबाहेर पाऊल टाकले तो अंगाला घामाची धार! मेक्सिकोचे आखात तिथून जवळ, हवा दमट, जिकडे तिकडे संथ पाण्याचे फाटे, आणि गावाबाहेर पडले की भाताची शेते. जवळच्या क्राउली गावी १९३७ पासून भाताचा उत्सव होतो. तिथले शेतकरी भात कापला की त्याच खाचरात पाणी सोडून क्रॉफिश वाढवतात. क्रॉफिश म्हणजे गोड्या पाण्यातली, नांग्या असलेली, आपल्या कोळंबीची चुलतबहीण समजा. त्या २०२३ च्या उन्हाळ्यात तिकडे पाऊसच पडला नाही, खाचरे कोरडी पडली, आणि २०२४ च्या हंगामात क्रॉफिश फार महाग झाले असे वन्संनी फोनवर सांगितले. पावसाकडे डोळे लावून बसणे तिकडेही आहेच.

घरी पोचले, पदर खोचला आणि स्वयंपाकघरातले कपाट उघडले. आत काय? खोक्यांची चळत. लाल, पिवळी, हिरवी. जांबालाया, गंबो, राजमा-भात, डर्टी राइस. हे शेवटचे नाव वन्संनी मला "मळकट भात" असे मराठीत सांगितले तेव्हा मी हसावे की रडावे अशी झाले. कोंबडीचे काळीज नि पोटळी बारीक करून त्यात घालतात, त्याने भात तपकिरी दिसतो, म्हणून ते नाव. एकेका खोक्यात तांदूळ, वाळवलेला कांदा, मसाला, मीठ सगळे एकत्र भरलेले. पाण्यात टाकायचे, उकळी आली की झाकण ठेवून पंचवीस मिनिटे मंद आचेवर, पाच मिनिटे वाफ जिरू द्यायची, झाला भात.

मैत्रिणींनो, खरे सांगते, माझे मन खट्टू झाले. आमच्या घरची मुलगी, आणि खोक्यातला भात खाते! पण वन्सं इस्पितळाच्या प्रयोगशाळेत कामाला. बारा बारा तासांची पाळी. घरी येऊन कांदा चिरायला हातात बळ राहत नाही. त्यांनी बाळंतपणाच्या आधीच ही बेगमी करून ठेवली होती, आपण जशी पावसाळ्याची करतो तशी. तिकडे जून ते नोव्हेंबर वादळांचा हंगाम, त्यामुळेही लोक कोरडा शिधा भरून ठेवतात.

पहिले आठ दिवस मी पाट्यावाचून जमेल तेवढे आपलेच केले. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, मऊ भात. मग बाळ रात्रभर जागवू लागले, धुणे वाढले, वन्संच्या पोटाला टाके. मीही खोक्यांना हात लावला. अन् मला ते आवडू लागले! खोटे कशाला बोलू? तो तांदूळ शिजला की दाणा दाणा सुटा आणि मधून भरीव. दोनतीन वेळा करून पाहिला तेव्हा कुठे ध्यानात आले की हा तर उकडा तांदूळ! साळीतच भिजवून वाफवलेला. आपल्या पेजेचाच भाऊ, फक्त अंगाने लांब आणि पॉलिश केलेला. उकड्याचा दाणा जरा जास्त शिजला तरी सहसा लगदा होत नाही, म्हणूनच कंपन्या तो खोक्यात घालतात. कोणा सुगरणीचा हात जरा चुकला तरी भात बिघडू नये, हा त्यातला हिशेब.

आता माझी चूक सांगते.

वन्संना गरोदरपणाच्या शेवटी रक्तदाब वाढला होता. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी मीठ बेताने खायला सांगितले होते. मी म्हटले, त्यात काय, आमटीत कमी घालीन. आणि घातलेही कमी. पण लागोपाठ चार दिवस रात्री खोके. शिजताना मी पाण्याची चव बघायची. वरचे पाणी अळणी लागे, म्हणून वर चिमूटभर मीठ. शिवाय तिकडच्या घराघरांत असते तशा तयार मसाल्याची डबी होती, ती शिंपडायची. वन्संचे यजमान सॉसेजचे तुकडे घालायला सांगत, ते घालायचे. वन्सं दोनदा मागून घेत, मला समाधान वाटे की बाळंतीण पोटभर जेवते आहे.

पंधराव्या दिवशी त्यांचे डोके ठणकू लागले, डोळ्यांपुढे काजवे दिसू लागले. दाब भलताच चढला होता. दोन रात्री इस्पितळात ठेवले. मी घरी, कुशीत पंधरा दिवसांचे पोर, आणि शेजारी बोलायला भाषा नाही. त्या दोन रात्री मी कधी विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी तिथल्या एका नर्सबाईंनी वन्संना विचारले, काय काय जेवलात? वन्संनी सांगितले. यजमानांनी घरी येऊन कचऱ्याच्या डब्यातले रिकामे खोके काढले आणि माझ्यापुढे ठेवून मागची चौकट वाचून दाखवली. "सोडियम." हा शब्द मी चार दिवस रोज बघत होते! इंग्रजी अक्षरे मला लागतात, पण मला वाटे हे काही जीवनसत्त्व असावे. एका वाढपाला ५७५ मिलिग्रॅम. दिवसाची तिकडची मर्यादा २३००, म्हणजे एका वाढपातच चौथा हिस्सा. बरे, वाढप म्हणजे केवढे? एका खोक्याची चार वाढपे धरलेली. आम्ही तिघे मिळून अख्खे खोके संपवीत होतो, त्यातले निम्मे वन्संच्या पानात. म्हणजे अर्ध्या दिवसाचे मीठ नुसत्या भातातून. त्यावर सॉसेजचे निराळे, डबीतले निराळे, माझ्या चिमटीचे निराळे आणि लिंबाच्या लोणच्याचे तर विचारूच नका.

डॉक्टरीणबाई भल्या होत्या. त्या म्हणाल्या, हा बाळंतपणातलाच आजार आहे, औषध लागणारच होते, सगळा दोष मिठाचा नाही. वन्संनी ते मला दोनदा मराठीत सांगितले. तरी मला जे समजायचे ते समजले.

सासूबाईंना कळलेच. फोनवर म्हणाल्या, "लेकीला खोक्यातले खायला घालायला तुला एवढे पैसे खर्चून धाडली का?" मी गप्प. वन्संनी फोन घेतला आणि म्हणाल्या, "आई, खोकी मी आणली, वहिनींनी नाही. उद्या वहिनी परत जातील, मी कामावर जाईन, तेव्हा मी तीच आणणार आहे. तू वहिनींना बोलू नकोस." सासूबाईंनी फोन ठेवला. चार दिवस आमच्या घरी इकडून फोन नाही.

शेजारी एक म्हाताऱ्या बाई राहत होत्या, पंचाहत्तरीच्या पुढच्या. मूळच्या तिथल्याच, केजन लोकांपैकी. हे केजन कोण ते थोडे सांगते, कारण खोक्यावर नाव त्यांचेच असते. त्यांचे पूर्वज फ्रेंच शेतकरी. कॅनडातल्या अकेडिया म्हणून भागात, आजच्या नोव्हा स्कोशियाकडे, राहत. १७५५ पासून इंग्रजांनी त्यांना तिथून हुसकून लावले, घरे जाळली, कुटुंबेच्या कुटुंबे जहाजांत कोंबून कुठे कुठे नेऊन टाकली. त्यांतले पुष्कळ दहा वर्षांनी आणि नंतर लुइझियानात आले. "अकेडियन" चे झिजून "केजन" झाले. पुढे १९२१ च्या तिथल्या राज्यघटनेने शाळांत इंग्रजीच सक्तीची केली, आणि फ्रेंच बोलणाऱ्या पोरांना शाळेत शिक्षा होत. या बाईंच्या आईला शाळेत मार बसला होता म्हणे. त्या स्वतः फ्रेंच समजतात पण बोलताना अडखळतात. भाषा तोंडातून गेली, स्वयंपाक मात्र राहिला.

पण एकट्या केजनांचाच तो स्वयंपाक म्हणावा तर तसेही नाही. "गंबो" हा शब्द आफ्रिकेतल्या भाषांत भेंडीला जे म्हणतात त्यावरून आला. तिथून गुलाम करून आणलेल्या माणसांनी तो आणला. गंबोत शेवटी सॅसाफ्रास झाडाच्या पाल्याची पूड घालतात, ती मूळच्या चोक्टॉ लोकांनी शिकवलेली. राजमा-भात तर न्यू ऑर्लीन्स शहरातला. सोमवारी धुण्याचा दिवस, तेव्हा बायका राजमा चुलीवर ठेवून धुणे उरकत. यात मला परके काही वाटले नाही.

तर या बाई बाळाला बघायला आल्या, वन्संनी त्यांना सगळे सांगितले. मला वाटले, आता ह्याही नाके मुरडतील. त्या हसल्या आणि मला हाताला धरून आपल्या घरी घेऊन गेल्या. त्यांचे कपाट उघडले. आत तीच खोकी! त्यांनी जे सांगितले ते वन्संनी मला असे समजावले: "शनिवारी नातवंडे येतात तेव्हा मी रू करते. बुधवारी मी एकटी असते, तेव्हा खोके."

रू म्हणजे त्या स्वयंपाकाचा पाया. तेलात समभाग मैदा घालून मंद आचेवर ढवळत राहायचे. आधी पांढरा, मग बदामी, मग तांबूस, शेवटी चॉकलेटसारखा काळपट तपकिरी. अर्धा पाऊण तास हात थांबवायचा नाही. काळे ठिपके दिसले की करपले, सगळे ओतून पुन्हा आरंभ. आपण बेसनाच्या लाडवाला जसे खमंग वासाची वाट बघत उभ्या राहतो, तस्सेच. गंमत अशी की जितका रंग गडद, तितकी चव चढते पण दाटपणा कमी होतो. त्यांचे भांडे बिडाचे, काळे कुळकुळीत, सासूकडून आलेले. तिकडे हा रू बरणीत तयारही मिळतो, आणि गंबोच्या खोक्यात भाजलेल्या पिठाची पूड असते ती त्याच्याच बदली.

रू मध्ये कांदा, सेलरी आणि ढबू मिरची पडते. या तिघींना ते "पवित्र त्रयी" म्हणतात. सेलरी म्हणजे ओव्याच्या वासाचा, कोथिंबिरीच्या देठासारखा पण जाड दांडा. खोक्यात या तिन्ही वस्तू वाळवलेल्या नि चिमूटभर असतात. बाईंनी मला दाखवले ते एवढेच, की खोके फोडण्याआधी ताज्या तिघी चिरून तेलात परतून घे. मग त्या खोक्याला स्वयंपाकाची चव येते.

पुढले पाच महिने मी खोके कसे वापरले ते सांगते. परदेशी मुली-सुना असलेल्या तुमच्यापैकी पुष्कळजणी आहेत, त्यांना कळवायला उपयोगी पडेल.

जांबालायाचे खोके बहुधा ८ औंसांचे, म्हणजे सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास, आणि त्याला तिकडच्या मापाने अडीच कप पाणी. तिकडचा कप २४० मिलिलिटरचा. मी त्यात बिनमसाल्याचा लांब उकडा तांदूळ एक कप आणि पाणी दोन कप आणखी घालीत असे. मसाला खोक्यातला तेवढाच, तो दुपटीच्या जवळपास भाताला पुरे. मीठ आपोआप निम्म्याच्या आसपास येते. वरून मीठ नाही. पाण्याची चव घेऊन फसू नका, भात शिजल्यावरच चव घ्यावी. आंबटपणासाठी लिंबू. सॉसेजऐवजी कोंबडीचे तुकडे आधी लालसर परतून घालायचे. कोळंबी घालायची तर शेवटच्या पाच मिनिटांत, नाहीतर रबर होते. झाकण ठेवल्यावर ढवळायचे नाही. खोक्यातला तांदूळ धुवायचाही नाही, मसाला वाहून जाईल. न धुता शिजवायला माझा हात आठवडाभर धजत नव्हता.

टोमॅटोचा लाल जांबालाया शहरी, न्यू ऑर्लीन्सकडचा. केजन लोकांचा तपकिरी, बिनटोमॅटोचा, भांड्याच्या बुडाला मांस खरपूस करून रंग आणलेला. मला तपकिरीच आवडला.

गंबोची पूड एकदम उकळत्या पाण्यात टाकू नये, गुठळ्या होतात. थंड पाण्यात कालवून मग आधणात सोडावी, कुळथाचे पिठले करतो तशी. खोक्यावर असेल त्यापेक्षा पाणी जरा जास्त, आणि भेंडी आधी वेगळी परतून. भेंडी पडली की आपसूक दाटपणा येतो. भात निराळा, साधा, बिनमिठाचा करून त्यावर ओतायचा. राजम्याच्या खोक्यात मी रात्री भिजवून शिजवलेला राजमा वाटीभर मिसळीत असे.

ज्या शाकाहारी आहेत त्यांनी एक करावे. पुढचे चित्र बघून आणू नये. मांसाचे चित्र नसले तरी आत कोंबडीचा किंवा दुसऱ्या मांसाचा अर्क, चरबी असू शकते. घटकांची यादी वाचावी. या यादीचा नियम मला वन्संच्या यजमानांनी शिकवला: जे वजनाने सर्वांत जास्त ते पहिले, मग उतरत्या क्रमाने. हाच नियम आपल्याकडच्या पाकिटांनाही आहे. त्या मसाल्याच्या डबीवर पहिलाच शब्द होता "मीठ". म्हणजे मी मसाला म्हणून शिंपडीत होते ते बरेचसे मीठच! परत आल्यावर मी आपल्या वाण्याकडची सूप, नूडल्स आणि तयार पुलावाची पाकिटे उलटी करून बघितली. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅमहून कमी मीठ असावे, म्हणजे सोडियम दोन हजार मिलिग्रॅमच्या आत. सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणले की मीठ निघते. एवढे गुणाकार सातवीत येतात. मी वहीत लिहून ठेवले आहेत, कोणाला हवे तर देईन.

वन्संचा दाब हळूहळू उतरला, गोळ्या सुटल्या. त्या कामावर रुजू झाल्या त्या आठवड्यात मी रविवारी बसून कांदा, सेलरी, ढबू मिरची चिरून, परतून, लहान लहान पिशव्यांत भरून फ्रीजरमध्ये ठेवले. पाळीवरून आल्यावर एक पिशवी, अर्धे खोके, मूठभर साधा तांदूळ. खोक्यातला जिन्नस अर्धा घ्यायचा तर आधी ताटात ओतून हाताने नीट मिसळावा, कारण मसाला खाली बसलेला असतो. पहिल्या खेपेला आम्ही हे केले नाही. सोमवारचा भात फिका आणि बुधवारचा जहाल झाला.

२०२५ च्या दिवाळीला वन्सं बाळाला घेऊन आल्या. सामानात दोन खोकी. सासूबाईंनी ती उचलून लांब धरून पाहिली, काही बोलल्या नाहीत. रात्री मी वरच्याप्रमाणे भात केला, आपली ताजी कोळंबी घालून. त्या पानावर बसल्या, दोन घास खाल्ले, आणि मला म्हणाल्या, "बरा झालाय. पण ह्यात खोबरे का नाही घातलेस?" मग पुन्हा वाढून घेतला. वन्संनी माझ्याकडे पाहिले आणि मान खाली घालून जेवू लागल्या.

दुसरे खोके मी आज आणले आहे, ते टेबलावर ठेवते. मागची चौकट वाचायला चष्मा लागेल. चहा झाल्याची खूण सेक्रेटरीबाई मघापासून करीत आहेत, तेव्हा मी आता खाली बसते.